महाविद्यालयात वंशसंहार अभ्यास मंडळ कसं उभं करावं: पहिल्या वर्षाचं काम, पायरीपायरीने

दूरदेशी कुठे कत्तल झाल्याची बातमी येते, दोन दिवसांत महाविद्यालयाच्या फाटकाशी मेणबत्त्या लागतात, फोटो निघतात, आणि परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली की विषय मागे पडतो. मेणबत्ती लावणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण त्या गर्दीतल्या एखाद्याला वर्गातल्याच मुलाने विचारलं, ‘नेमकं कोण कोणाला मारतंय, आणि कशासाठी?’, की उत्तर अडखळतं. ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांच्याबद्दल एवढंही नीट सांगता येऊ नये, हे बरं नाही. म्हणून इथे अभ्यास आधी येतो, फलक नंतर.

अभ्यासाने किती फरक पडतो याचं उदाहरण जुनं आहे. २००४ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुदानमधल्या दारफूर प्रांतात चाललेल्या कत्तलींविरुद्ध ‘स्टँड’ नावाची संघटना काढली आणि ती बघता बघता इतर महाविद्यालयांत पोचली. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एक किचकट काम हाती घेतलं. सुदान सरकारला तेलातून पैसा मिळवून देणाऱ्या कंपन्या कोणत्या आणि आपल्या विद्यापीठाचा निधी त्यांतल्या कोणात गुंतला आहे, हे त्यांनी कागदोपत्री शोधून काढलं. मार्च २००६ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने अशा कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यायचा ठराव केला. सुदानच्या तेलात तेव्हा चिनी आणि मलेशियन कंपन्यांबरोबर आपल्या ओएनजीसीची विदेश शाखाही भागीदार होती, तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

१. आधी शब्द ठरवा

पहिल्या बैठकीत फक्त शब्दांवर बोला. मराठी वर्तमानपत्रं ‘नरसंहार’ हा शब्द सगळ्याला वापरतात, मग गावात वीस माणसं मारली गेलेली असोत की एक अख्खा समाज. त्यामुळे मूळ मुद्दाच झाकला जातो. पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला तो नेमका हा फरक दाखवायला. ग्रीक ‘जेनोस’ म्हणजे वंश, आणि लॅटिनमधला मारण्याचा प्रत्यय. मराठीत त्यासाठी ‘वंशसंहार’ वापरा, आणि एका ठिकाणच्या सामूहिक हत्येला ‘हत्याकांड’ म्हणा. जालियनवाला बागेमुळे तो शब्द सगळ्यांना ठाऊक आहे.

वंशसंहाराची कायद्यातली व्याख्या ९ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आहे. भारताने या करारावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. दुसऱ्या कलमात पाच कृत्यं सांगितली आहेत: गटातल्या लोकांना ठार मारणं, त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं, गट नष्ट व्हावा अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणं, गटात जन्म होऊ न देणं, आणि गटातली मुलं बळजबरीने दुसऱ्या गटात नेणं. यांतलं कोणतंही कृत्य राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेलं असलं पाहिजे. कोर्टात सगळी झुंज होते ती या हेतूवर. लक्षात घ्या की मृतांच्या संख्येची अट व्याख्येत कुठेच नाही. ‘इतके लाख मेले म्हणजे वंशसंहार’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे, आणि नवख्या मंडळांच्या फलकावर सर्वांत जास्त दिसतं तेही हेच.

‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ हेही वेगळे ठेवा. सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेला तो निर्वासित, आपल्याच देशात घर सोडून पळावं लागलं तो विस्थापित. आपल्याकडे विस्थापित म्हटलं की कोयना आणि सरदार सरोवराचे धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात, आणि निर्वासित म्हटलं की फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेले सिंधी. त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तरी तिथे पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असंच म्हणतात. ही उदाहरणं बैठकीत जरूर घ्या. त्यातून शब्द पक्के बसतात.

ठरलेले शब्द एका पानावर टाइप करून घ्या. वर्षभर प्रत्येक फलक त्या पानाशी ताडून पाहायचा.

२. पाच जण, एक प्राध्यापक, एक अर्ज

सुरुवातीला पाच ते आठ जण पुरे. व्हॉट्सॲप गटात साठ जण आणि बैठकीला तिघे असं मंडळ टिकत नाही. पाचांपैकी निदान दोघे प्रथम वर्षाचे असावेत, त्याचं कारण शेवटच्या पायरीत येईल. कामं अशी वाटा: एक जण वाचन आणि आकडे सांभाळणारा, एक जण परवानग्या आणि पत्रव्यवहाराचा, एक फलक-छपाईचा, एक बैठकीचं टिपण लिहिणारा, आणि एक कार्यक्रमाचं संचालन करणारा. आकडे सांभाळणारा आणि फलक करणारा एकच असू नये. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

प्राध्यापक निवडताना इतिहास किंवा राज्यशास्त्राचेच हवेत असं काही नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी किंवा विद्यार्थी विकास अधिकारी अनेकदा जास्त उपयोगी पडतात, कारण सभागृह, प्रोजेक्टर आणि प्राचार्यांची सही यांचा रस्ता त्यांना माहीत असतो. स्वतंत्र मंडळाला मान्यता मिळत नसेल तर पहिलं वर्ष रासेयो किंवा वाङ्मय मंडळाच्या छत्राखाली काढा. त्यात कमीपणा नाही.

अर्ज कार्यक्रमाच्या किमान पंधरा दिवस आधी द्या. दोन प्रती घ्या, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज हरवतोच. अर्जात विषय, तारीख, वेळ, खोली, अपेक्षित संख्या, वक्त्याचं नाव व चार ओळींचा परिचय, आणि माहिती कुठून घेतली ते लिहा. कार्यक्रमाचं स्वरूप ‘अभ्यास व प्रदर्शन’ असं नोंदवा, कारण ते खरंच तसं आहे. ‘जाहीर निषेध’ असा मथळा दिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. प्राचार्यांना भीती असते ती संस्थाचालकांच्या फोनची आणि उद्याच्या बातमीची. ती घालवायची तर फलकांचे मसुदे अर्जासोबत जोडा. लपवून लावलेला एक फलक पुढची तीन वर्षं नडतो.

आवाराबाहेर काहीही करायचं असेल, मूक फेरीसुद्धा, तर स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. मोठ्या शहरांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात. पहिल्या वर्षी आवाराबाहेर जाऊ नका, असंच आमचं मत आहे.

३. पहिला विषय रवांडा घ्या

पहिल्या बैठकीत मुलं हमखास आज पेटलेला विषय सुचवतात. तो नक्की घ्या, पण दुसऱ्या सत्रात. आधी असं प्रकरण घ्या ज्याचे निकाल लागले आहेत, ज्याची कागदपत्रं उघडी आहेत आणि ज्यावर सभागृहात कोणी आधीच बाजू घेऊन बसलेलं नाही. आफ्रिकेतला रवांडा हा देश या तिन्ही कसोट्यांना उतरतो. ७ एप्रिल १९९४ ते जुलैच्या मध्यापर्यंत, साधारण शंभर दिवसांत, आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. मारणारे होते बहुसंख्याक हुतू समाजातले कट्टरपंथी. मेलेले बहुतेक अल्पसंख्याक तुत्सी होते, आणि हत्येला विरोध करणारे हुतूही त्यात गेले.

आठवड्याला एक बैठक, नव्वद मिनिटांची, अशा सहा बैठका धरा.

पहिली बैठक १९९४ च्या आधीवर. ‘हुतू’ आणि ‘तुत्सी’ यांची भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक. बेल्जियमच्या वसाहती सरकारने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे छापलं आणि सैलसर भेद कायमचा झाला. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर हीच ओळखपत्रं पाहून माणसं बाजूला काढली गेली. ‘शेकडो वर्षांचं टोळीवैर’ हे वाक्य कोणी बोललं तर तिथेच थांबवून ही गोष्ट सांगा.

दुसरी बैठक रेडिओवर, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आरटीएलएम नावाचं खासगी केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. गाणी, गप्पा, विनोद, आणि त्यातच तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळं, म्हणणं. कत्तल सुरू झाल्यावर त्याच केंद्रावरून माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली गेली. या बैठकीसाठी प्रत्येकाने आपल्या फोनवरच्या गटांत आलेले असे निरोप आणावेत ज्यांत कुठल्याही समाजाला किडा, वाळवी, रोग किंवा जनावर म्हटलं आहे. पाठवणाऱ्याचं नाव झाकून ते कागदावर उतरवा, आणि तो समाज आपल्या आवडीचा की नावडीचा हे न पाहता सगळे एकत्र ठेवा. निरोप पुढे पाठवू नका. समाजांत वैर वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि ‘अभ्यासासाठी पाठवला’ हे सांगत बसायची वेळ येऊ नये.

तिसऱ्या बैठकीत जगाने काय केलं ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या रवांडातल्या फौजेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कला तार पाठवून दडवलेल्या शस्त्रांची आणि ठार मारण्यासाठी चाललेल्या याद्यांची खबर दिली होती. शस्त्रांवर छापा घालायची परवानगी त्यांना मिळाली नाही. कत्तल सुरू झाल्यावर, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने फौज वाढवायच्या ऐवजी ती २७० वर आणायचा ठराव केला. ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा.

चौथी बैठक वाचवणाऱ्यांवर. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियाग्न हे संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्र निरीक्षक होते. नाक्यांवर हुज्जत घालून, हसून, सिगारेटी देऊन त्यांनी गाडीतून थोडी थोडी माणसं बाहेर काढली. असे शेकडो जीव वाचले. ३१ मे १९९४ ला ते नाक्यावरच तोफगोळ्याच्या स्फोटात गेले. त्यांच्या नावाचं पदक संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये सुरू केलं. रवांडातल्या एका हॉटेलवरचा प्रसिद्ध हॉलिवूडपट दाखवून ही बैठक उरकायचा मोह होतो. तो टाळा, कारण त्या हॉटेलात वाचलेल्या अनेकांनीच त्यातल्या कथनावर आक्षेप घेतले आहेत.

पाचवी न्यायावर. टांझानियातल्या आरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ ला ताबा गावाचे माजी महापौर जाँ-पॉल अकायेसू यांना दोषी ठरवलं. १९४८ च्या करारातली व्याख्या लावून आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने खटला चालवून दिलेला तो पहिलाच निकाल, आणि बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग असू शकतो हे त्याच निकालाने ठरवलं. निकाल देणाऱ्यांत दक्षिण आफ्रिकेच्या, मूळच्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले होत्या. गावपातळीवर ‘गचाचा’ नावाच्या पंचायतींनी २०१२ पर्यंत लाखो खटले चालवले. त्यांचे गुण-दोष दोन्ही मांडा, विशेषतः आरोपींना वकील नव्हता ही गोष्ट.

सहावी बैठक फलक लिहायला. एका फलकावर ऐंशीपेक्षा जास्त शब्द नकोत.

४. चालू संकटाविषयी बोलताना

दुसऱ्या सत्रात आजचा विषय घ्या, आणि त्यासाठी एक चौकट वापरा. कागदावर चार रकाने: काय घडलं, कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, आणि दुसरी बाजू काय म्हणते. चारही भरता येत नसतील तर ते वाक्य फलकावर जाणार नाही, एवढा एकच नियम.

सुदानचं पाहा. १५ एप्रिल २०२३ ला तिथलं सैन्य आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध पेटलं. एक कोटीहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आरएसएफने वंशसंहार केल्याचं म्हटलं. हे एका सरकारचं मत आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे, आणि फलकावर ते तसंच लिहायचं.

गाझाविषयी हीच शिस्त जास्तच लागते. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलविरुद्ध वंशसंहार कराराखाली दावा लावला. २६ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिले. तो अंतिम निकाल नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने गाझात वंशसंहार होत असल्याचा निष्कर्ष मांडला, इस्रायलने तो फेटाळला. एवढी चार वाक्यं तारखांसह लावली तर सभागृहातल्या कोणत्याही माणसाला ती खोडता येत नाहीत, आणि मृतांचा मानही राहतो. रोहिंग्यांचं प्रकरणही असंच: ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक लोक म्यानमारमधून बांगलादेशात गेले, आणि गांबियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यानमारविरुद्ध त्याच न्यायालयात दावा केला.

आकडे घेताना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, मानवतावादी समन्वय कार्यालयाचं किंवा आयपीसी या अन्नसुरक्षा वर्गीकरणाचं मूळ पान उघडा. बातमीतला आकडा बातमीतच ठेवा. ‘दुष्काळ’ हा शब्दही सैल वापरू नका. आयपीसीच्या पाचव्या टप्प्यासाठी, म्हणजे दुष्काळ जाहीर करायला, तीन गोष्टी लागतात: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, किमान ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजार लोकांमागे रोज दोन मृत्यू किंवा पाच वर्षांखालच्या दर दहा हजार बालकांमागे रोज चार मृत्यू. आपल्याकडे पाऊस कमी पडला की दुष्काळ म्हणतात. तिथे दुष्काळ जाहीर होतो तोवर मुलं मरायला लागलेली असतात.

५. फरशीवरचं प्रदर्शन

भाषणं विसरली जातात. जे अंगाने कळतं ते राहतं. मदतकार्यात ‘स्फियर’ नावाची किमान मानकं जगभर वापरतात, आणि त्यांतली काही वर्गाच्या फरशीवर मांडता येतात. खर्च जवळपास नाही.

माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, हे पहिलं मानक. पाच जणांच्या कुटुंबाला साडेसतरा चौरस मीटर. खोलीत दोन फुटी फरशा असतील तर आडव्या सहा आणि उभ्या आठ मोजा, जवळपास तेवढंच क्षेत्र येतं. कडेने मास्किंग टेप लावा. खडू वापरलात तर अर्ध्या तासात पायांनी पुसला जातो. आत एक ट्रंक, पाच जणांच्या वळकट्या, एक स्टोव्ह आणि दोन घागरी ठेवा आणि पाच विद्यार्थ्यांना दहा मिनिटं बसायला सांगा. पाचव्या मिनिटाला पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न येतो. शेजारी लिहा की हे किमान आहे, आणि थंड हवेत किंवा आतच स्वयंपाक करावा लागत असेल तर माणशी साडेचार ते साडेपाच चौरस मीटर लागतात.

पाणी माणशी रोज १५ लिटर: पिणं, रांधणं, अंघोळ, धुणं, सगळं त्यात. घरातली बादली घ्या आणि एक लिटरच्या बाटलीने पंधरा वेळा मोजून पाणी घाला. बादलीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याच्या पातळीला टेपची खूण करा. शेजारी एक कागद आणि पेन: ‘आज सकाळपासून तुम्ही किती बादल्या वापरल्या?’ लोक स्वतःच लिहितात. एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं आणि नळ ५०० मीटरच्या आत, हेही मानकात आहे. आपल्या इमारतीपासून ५०० मीटरवर काय आहे ते शोधून त्याचं नाव लिहा, म्हणजे अंतर कळतं. संध्याकाळी ते पाणी झाडांना घाला.

तिसरी वस्तू म्हणजे दंडाची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, घेर मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर अतितीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारामध्ये मध्यम. आपल्याकडे अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रातही हीच मोजणी चालते. जाड कागदाची एक सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब पट्टी कापा. शून्यापासून ११.५ पर्यंत लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. मग टेबल टेनिसचा चेंडू आणा. त्याचा व्यास चार सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण साडेबारा. पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली की टोक पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर येतं. आता पट्टीचं ११.५ वर कडं करून चिकटवा आणि चेंडू त्यातून घालून पाहा. जात नाही. त्याहून बारीक दंड असलेलं मूल, एवढं एक वाक्य खाली लिहा, आणखी काही लिहू नका. पाहायला आलेल्या कोणाच्या मुलाचा दंड मात्र मोजायचा नाही. ते वैद्यकीय काम आहे आणि आईबापांना उगाच धास्ती बसते.

पन्नास पाहुण्यांसाठी साठ पट्ट्या, दहा चेंडू, टेपची दोन रिळं, आठ ए-३ फलक आणि सहा मार्गदर्शक विद्यार्थी पुरतात. आठाहून जास्त फलक कोणी वाचत नाही.

६. छायाचित्रं

मृतदेहाचं चित्र लावू नका. ज्याचं ते शरीर आहे त्याने संमती दिलेली नाही, आणि पाहणारा नजर फिरवून पुढे जातो. घर, भांडी, शाळेची वही, रांग, नकाशा दाखवा. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, महिना-वर्ष आणि छायाचित्रकार किंवा संस्थेचं नाव हवंच. ते सापडत नसेल तर चित्र बाद. गुगल लेन्सवर टाकून सर्वांत जुनी नोंद पाहा. एका युद्धाचं चित्र दुसऱ्याच्या नावाने फिरणं रोजचं आहे, आणि खोटं ठरलेल्या एका चित्रामुळे खरे सात फलकही संशयात येतात.

७. कार्यक्रमाचा दिवस

तारीख ९ डिसेंबर घ्या. वंशसंहार कराराचा तो दिवस, आणि २०१५ पासून संयुक्त राष्ट्रं तो पीडितांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळतात. दिवाळीची सुट्टी संपलेली असते, परीक्षा लांब असतात. ७ एप्रिल हा रवांडाचा स्मृतिदिन खरा, पण तेव्हा परीक्षांचा हंगाम असतो आणि सभागृह रिकामं राहतं. २७ जानेवारी हा ज्यूंच्या वंशसंहाराचा स्मृतिदिन दुसऱ्या कार्यक्रमाला बरा. प्रजासत्ताक दिनासाठी आलेले रासेयो आणि एनसीसीचे विद्यार्थी त्या आठवड्यात हाताशी असतात. आकाशवाणीची ओळखधून रचणारे वॉल्टर कॉफमन हे नाझींच्या सावटातून १९३४ मध्ये मुंबईत आलेले ज्यू संगीतकार होते. ती धून लावून सुरुवात केली तर सभागृह आपोआप शांत होतं.

वेळ ७५ मिनिटं: प्रास्ताविक ५, विद्यार्थ्यांची मांडणी २०, नकाशा १०, प्रश्न २५, फरशीवरचं प्रदर्शन १५. बाहेरचे पाहुणे बोलावले तर हा हिशेब मोडतो, कारण सत्कार, शाल आणि परिचय यांतच वीस मिनिटं जातात.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, माइक फिरवू नका. माइक हातात आला की प्रश्नाचं भाषण होतं. एक प्रश्न येणारच: ‘यांच्याविषयी बोलता, मग त्यांच्याविषयी का नाही?’ विचारणाऱ्याच्या मनात अनेकदा खरी वेदना असते, त्यामुळे त्याला गप्प करू नका आणि वादही घालू नका. एक मागणी-वही ठेवा, त्याचा विषय त्याच्यासमोर लिहा, आणि ‘याची चार रकान्यांची चौकट तुम्ही भराल का, आम्ही मदत करतो’ असं विचारून तारीख द्या. जो येतो त्याचा विषय पुढच्या सत्रात नक्की घ्या.

पुण्यासारख्या शहरात सुदान, अफगाणिस्तान, येमेनमधले विद्यार्थी शिकायला असतात. कार्यक्रमाआधी त्यांच्याशी शांतपणे बोला, फलक दाखवा, चुका विचारा. व्यासपीठावर बोलावून अनुभव सांगायला लावू नका. व्हिसाची अडचण होऊ शकते, गावाकडचे नातेवाईक धोक्यात येऊ शकतात, आणि ते दुःख टाळ्यांसाठी नाही.

कार्यक्रमानंतर ज्याला झोप लागत नाही किंवा जुनं काही उफाळून आलं, त्याच्यासाठी सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानसचा क्रमांक १४४१६ दाराशी लावून ठेवा.

८. पैसे गोळा करू नका

लोक लगेच विचारतात, ‘मदत कुठे द्यायची?’ डबा फिरवू नका, कोणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर पैसे घेऊ नका. लोकवर्गणीला धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे नियम लागू होतात, आणि परदेशातून आलेल्या पैशाला विदेशी अंशदान कायदा. हिशेब चुकला तर मंडळ तिथेच संपतं. निर्वासित संस्था, युनिसेफ यांच्या भारतातल्या अधिकृत संकेतस्थळांची नावं एका कागदावर छापून द्या, देणारा थेट देईल. मंडळाचा छपाईखर्च महाविद्यालयाकडून बिलावर घ्या.

९. सहल एकच, पण ही

कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेने सायबेरियासारख्या दूरच्या भागांत हाकललेली ही कुटुंबं इराणमार्गे आली होती, बरीचशी बायका-मुलंच. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचं. वळिवडे आणि महावीर गार्डन, दोन्ही एका दिवसात पाहून होतात. जाण्याआधी प्रत्येकाने वळिवड्याच्या छावणीबद्दल एक प्रश्न लिहून न्यावा, म्हणजे फिरणं नुसतं फोटोपुरतं राहत नाही.

१०. मंडळ पुढच्या हातात

अशी मंडळं बहुधा मार्चमध्ये बंद पडतात. चालवणारे तिसऱ्या वर्षाचे असतात, परीक्षा देऊन जातात, आणि ईमेलचा पासवर्ड कोणाला माहीत नसतो. म्हणून फेब्रुवारीतच सचिवपद प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे द्या आणि एप्रिलपर्यंत जुन्याने त्याच्या शेजारी बसून काम करावं. एका जाड फायलीत हे ठेवा: शब्दांचं पान, शिक्का असलेले अर्ज, चार रकान्यांच्या सगळ्या चौकटी, मागणी-वही, फलकांच्या फायलींचा पेन ड्राइव्ह, पासवर्डचं बंद पाकीट, आणि काय फसलं त्याचं एक पान. टेप, चेंडू आणि पट्ट्या एका डब्यात भरून रासेयोच्या कपाटात.

जूनमध्ये नव्या सचिवाने पहिल्या बैठकीत ती फाइल उघडून चालू संकटांच्या चौकटींतल्या प्रत्येक जुन्या आकड्यावर पेन्सिलीने फुली मारावी आणि समोर त्या दिवशीचा आकडा, तारखेसह, पुन्हा लिहावा.